कंपनी परगावची, तक्रार रत्नागिरीत

परगावच्या कंपनीकडे थोडे पैसे अडकले, तर हक्क कोणाचा यापेक्षा दाद कुठे मागायची हा प्रश्न आधी उभा राहतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २० प्रमाणे दावा दोन ठिकाणी लावता येतो. प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर वादाचे कारण पूर्णपणे किंवा अंशतः जिथे घडले तिथे. ज्याला कोर्टात खेचायचे त्याला उगाच दूरवर फरफटत नेऊ नये, हा या नियमामागचा विचार. दोन शेजाऱ्यांच्या किंवा दोन व्यापाऱ्यांच्या वादात तो रास्तच आहे. पण एका बाजूला तीस हजारांचा फ्रिज घेतलेले कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला बंगळूर किंवा गुरुग्राममध्ये नोंदलेली कंपनी असेल, तर हाच नियम कंपनीच्या पथ्यावर पडतो. वकील, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा खर्च मूळ रकमेपेक्षा जास्त होतो आणि माणूस नाद सोडून देतो. लहान दावे असे न लढताच हरले जातात.

कोकणातले एक गाव उदाहरणादाखल घेऊ. रत्नागिरी शहरातून काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये लागते. सुरूच्या बनामागचा समुद्रकिनारा, झरीविनायकाचे मंदिर आणि कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र ही या गावाची ओळख. मासेमारी, बागायत आणि पर्यटकांची सोय यांवर जगणाऱ्या अशा किनाऱ्यावरच्या गावांत आज होडीचे इंजिन, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, बियाणे, मोबाइल, विमा यांतले बरेच काही राज्याबाहेरच्या कंपन्यांकडून येते. विकणाऱ्याचे दुकान गावात नसते. कित्येकदा ते कोणत्याच गावात नसते, फक्त पडद्यावर असते. त्यामुळे अधिकारक्षेत्राचा प्रश्न इथे घरोघरी येऊ शकतो.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्वस्त आणि सुटसुटीत न्यायाची वाट उघडली. त्यामागे ग्राहक चळवळीची मेहनत होती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेली ग्राहक पंचायत तिच्यात ठळक आहे. पण तक्रार कुठे करायची याबाबत त्या कायद्याने जुनीच चौकट ठेवली होती. सामनेवाला जिथे राहतो, धंदा करतो किंवा त्याची शाखा आहे तिथे, अथवा वादकारण घडले तिथे. शाखेची सवलत मोठी वाटे, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ‘सोनिक सर्जिकल विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स’ या निकालात तिला मर्यादा घातली. गोदाम अंबाल्यात, विमा अंबाल्यात उतरवलेला, आग अंबाल्यातच लागलेली आणि तक्रार मात्र चंदीगडला, कारण विमा कंपनीची शाखा तिथेही होती. न्यायालयाने सांगितले, की केवळ शाखा असून भागत नाही. वादकारणाचा काही भाग त्या ठिकाणी घडलेला हवा. नाहीतर लोक सोयीचे खंडपीठ शोधत देशभर फिरतील. हा युक्तिवाद गैर नव्हता, पण दूरच्या कंपनीशी भांडणाऱ्या सामान्य ग्राहकाची वाट त्याने अधिक अरुंद झाली. ऑनलाइन खरेदीत तर वादकारण नक्की कुठे घडले, मागणी नोंदवली तिथे, पैसे स्वीकारले तिथे की माल पोचला तिथे, यावरच तारखा जाऊ लागल्या.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही गाठ एका वाक्यात सोडवली. कलम ३४(२)(ड) प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः काम करून पोट भरतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. तेव्हापासून भाट्येत राहणाऱ्या ग्राहकाला कंपनीचे मुख्यालय कुठे आहे, तिची शाखा कोकणात आहे की नाही, वस्तू कोठून पाठवली गेली, यांपैकी काहीही सिद्ध करावे लागत नाही. आपण रत्नागिरी जिल्ह्यात राहतो हे आधार कार्डाने, शिधापत्रिकेने किंवा वीजबिलाने दाखवले की पुरे. नव्या कायद्यातल्या सगळ्या बदलांत हा सर्वांत मोलाचा मानला पाहिजे. दंड वाढले, अधिकार वाढले तरी दारापर्यंत पोचताच येत नसेल तर त्यांचा उपयोग काय?

या तरतुदीला जोडून व्याख्येतली एक गोष्ट कोकणासाठी फार कामाची आहे. वस्तू विकत घेणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहक आहे. समजा, मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्याने भाट्येतल्या आईवडिलांसाठी आपल्या खात्यातून वॉशिंग मशीन मागवले. बिल त्याच्या नावाचे, पत्ता मात्र गावचा. मशीन बिघडले आणि कंपनी दाद देईना, तर तो स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो आणि आईवडील वापरकर्ते म्हणून रत्नागिरीत करू शकतात. एकाच गोष्टीसाठी दोन्हीकडे मात्र जाता येत नाही. कुठली जागा निवडायची हे तारखांना कोण हजर राहू शकेल आणि बिघडलेली वस्तू कुठे आहे, हे पाहून ठरवावे. तज्ज्ञाकडून तपासणी करायची वेळ आली तर वस्तू असते त्याच जिल्ह्यातला आयोग सोयीचा पडतो.

तक्रारदार मुळात ‘ग्राहक’ आहे का, हा खरा अवघड मुद्दा. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूवर ग्राहक म्हणून दाद मिळत नाही. या विषयावरचा पायाभूत निकाल महाराष्ट्रातल्याच एका लहान उद्योजकाच्या परराज्यातल्या पुरवठादाराशी झालेल्या वादातून आला. ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स’ने कोइमतूरच्या पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून यंत्र मागवले. ते उशिरा आले आणि सदोष निघाले. महाराष्ट्र राज्य आयोगाने उद्योजकाच्या बाजूने आदेश दिला, राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाचे म्हणणे उचलून धरले. यंत्राची किंमत आणि उत्पादनाचे प्रमाण पाहता ही खरेदी व्यापारी कारणासाठी होती, असे ठरले. उद्योजकाचा दावा गेला, पण त्या निकालाने इतरांसाठी एक रेषा स्पष्ट आखली. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा, स्वतः टंकलेखन करून चरितार्थ चालवण्यासाठी टाइपरायटर घेणारा माणूस ग्राहकच ठरतो. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी केलेली खरेदी ‘व्यापारी’ नसते, हे स्पष्टीकरण आजच्या कायद्यातही आहे.

या रेषेवर भाट्येसारख्या गावातले अर्धे व्यवहार उभे असतात. स्वतः समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमाराने होडीसाठी घेतलेले इंजिन उपजीविकेत मोडते. पगारी खलाशी ठेवून अनेक नौका चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणारे जोडपे आणि वीस खोल्यांचे रिसॉर्ट यांच्यातला फरकही तसाच. तक्रार लिहिताना ‘सदर वस्तू स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतली आहे’ हे वाक्य पहिल्याच पानावर असावे, कारण पुढे कंपनीचा वकील पहिला हल्ला इथेच करतो. खरेदी व्यापारी कारणासाठी होती हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्या कंपनीवर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ‘श्रीराम चिट्स’ प्रकरणात सांगितले, ही दिलाशाची बाब. बागायतदारांसाठी २०१२ चा ‘नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी’ हा निकाल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि पेरलेल्या बियाण्याचा नमुना त्याने प्रयोगशाळेसाठी राखून ठेवलेला असावा अशी अपेक्षा करता येत नाही, असे त्यात ठरले.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘मुंबई न्यायक्षेत्राच्या अधीन’ किंवा ‘फक्त दिल्ली न्यायालयांना अधिकार’ असे छापलेले असते. ते वाचून अनेक जण तिथेच थांबतात. थांबण्याचे कारण नाही. दिवाणी कायद्यातसुद्धा ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही त्याला कराराने अधिकार देता येत नाही. १९९१ च्या ‘पटेल रोडवेज’ प्रकरणात तमिळनाडूतल्या बोडिनायकनूरच्या व्यापाऱ्याने दिल्लीला वेलदोडे पाठवले, ते गोदामातल्या आगीत खराब झाले. वाहतूक कंपनीच्या पावतीवर मुंबईचा उल्लेख होता आणि तिचे मुख्य कार्यालयही मुंबईत होते. पण माल कंपनीच्या बोडिनायकनूरच्या शाखेने घेतला होता, वादकारण तिथे घडले होते, म्हणून मुंबईचा संबंध पोचत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. दोन न्यायालयांना खरोखर अधिकार असेल आणि करारात त्यांतले एक निवडलेले असेल, तर दिवाणी दाव्यात मात्र ती निवड सहसा बंधनकारक ठरते. ग्राहक आयोगाची वाट स्वतंत्र आहे. कलम १०० प्रमाणे ग्राहक संरक्षण कायदा इतर उपायांच्या जोडीचा आहे. त्यामुळे अशा छापील ओळींनी आयोगाचे दार सहसा बंद होत नाही. करारात लवाद नेमण्याची अट असली तरी ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, हे ‘एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग’ प्रकरणात २०१८ मध्ये पक्के झाले.

तक्रारीआधी कंपनी नेमकी कोण आहे हे शोधावे लागते. जाहिरातीतले नाव आणि कायदेशीर नाव बहुधा वेगळे असते. बिलावर किंवा संकेतस्थळाच्या तळाशी कंपनीचा एकवीस अक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो. पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगते, मग उद्योगाचे पाच आकडे, त्यानंतर राज्याची दोन अक्षरे, महाराष्ट्रासाठी एमएच, कर्नाटकासाठी केए, दिल्लीसाठी डीएल, आणि पुढे स्थापनेचे वर्ष. हा क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता मिळतो. नोटीस त्या पत्त्यावर जायला हवी, ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवून काम संपत नाही. ऑनलाइन बाजारपेठेतून वस्तू घेतली असेल तर बाजारपेठ चालवणारी कंपनी आणि प्रत्यक्ष विक्रेता दोघांनाही सामनेवाले करावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. ग्राहकाने लेखी मागितल्यास विक्रेत्याचा पत्ता देणेही बाजारपेठेवर बंधनकारक आहे.

नोटिशीत खरेदीची तारीख, रक्कम, दोष, आजवर केलेल्या तक्रारींचे क्रमांक आणि नेमकी मागणी एवढे पंधरा दिवसांच्या मुदतीसह लिहिले की पुरे. रागाची विशेषणे गाळावीत. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे, म्हणून नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवावी. त्याच वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला काहीच खर्च येत नाही, आणि काही वाद तिथेच मिटतात.

मिटला नाही तर जिल्हा आयोग. वस्तूसाठी दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते, आणि पाच लाखांपर्यंत कोणतेही शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ग्राहक स्वतः बाजू मांडू शकतो किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीला पाठवू शकतो. हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘सी. वेंकटाचलम’ निकालात मान्य केला. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्यासाठी २०२० मध्ये ‘ई-दाखिल’ आले आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ ही एकत्रित व्यवस्था सुरू झाली. पुरावा शपथपत्रावर आणि कागदपत्रांवर घेतला जातो, आणि अर्ज केल्यास व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणीची सोय कायद्यातच आहे. दूरच्या कंपनीला तिचे लेखी म्हणणे तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवसांत द्यावे लागते. ही ४५ दिवसांची मर्यादा आयोगालाही वाढवता येत नाही, असे घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ‘हिली मल्टिपर्पज’ प्रकरणात ठरवले. वेळकाढूपणा हेच ज्यांचे मुख्य हत्यार, त्यांच्याविरुद्ध हा निकाल ग्राहकाच्या फार उपयोगी पडतो. तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे यापेक्षा बरीच लांबतात, हे गृहीत धरून कागद व्यवस्थित लावून ठेवावेत.

विकणारा भाट्येतला आणि पैसे बुडवणारी कंपनी परगावची, ही उलटी बाजूही कोकणात नवी नाही. आंब्याचा रस, कोकम, फणसपोळी बनवणाऱ्या घरगुती उद्योगाने बंगळूरच्या कंपनीला माल दिला आणि बिल थकले, तर ग्राहक आयोग उपयोगाचा नाही, कारण इथे तो उद्योग ग्राहक नाही. त्याच्यासाठी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ आहे. लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे अडकवता येत नाहीत. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. आणि कलम १८(४) प्रमाणे खरेदीदार देशात कुठेही असो, पुरवठादार जिथला आहे तिथल्या, असे थकबाकीचे वाद हाताळणाऱ्या सुविधा परिषदेला अधिकार पोचतो. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मात्र व्यवहार होण्याआधी उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी झालेली असावी. माल गेल्यावर केलेली नोंदणी मागच्या थकबाकीला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. रस काढून बाटल्या भरणाऱ्या प्रत्येक घराने ही नोंदणी आजच करून ठेवावी, तिला शुल्क नाही. झाडावरचा आंबा तसाच विकणाऱ्या बागायतदाराला मात्र ही वाट सहसा मिळत नाही. शेती हा या नोंदणीतला उद्योग नसल्याने त्याला दिवाणी दावाच लावावा लागतो. बागेतून माल उचलला आणि पैसे रत्नागिरीत द्यायचे ठरले असेल, तर वादकारणाच्या आधारे तो इथल्या न्यायालयात लागू शकतो. म्हणून मागणीचा आणि दराचा व्यवहार फोनवर न ठेवता निदान संदेशात तरी लेखी असावा.

निकाल जवळ मिळाला तरी पैसे दूरच असतात, आणि खरी कसोटी तिथे लागते. ग्राहक आयोगाचा आदेश २०१९ च्या कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात येतो. कंपनीची मालमत्ता आणि खाते दुसऱ्या राज्यात असेल तर जप्तीची दरखास्त त्या ठिकाणच्या यंत्रणेकडे वर्ग करून घ्यावी लागते, आणि इथे पुन्हा दिवस जातात. अधिक धारदार आहे ते कलम ७२. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. या कारवाईत जबाबदार अधिकाऱ्यांवर समन्स आणि वॉरंट निघू शकते, त्यामुळे थोड्या रकमेसाठी कंपन्या इथवर जाणे टाळतात. अपिलासाठीही कंपनीला ४५ दिवसांत यावे लागते आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

कंपनी देशाबाहेरची असली की चित्र बदलते. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी ई-कॉमर्स कंपनीलाही २०२० चे नियम लागू आहेत आणि रत्नागिरीच्या आयोगाचा अधिकारही कागदावर पोचतो. परदेशात नोटीस बजावण्यासाठी १९६५ चा हेग करार भारताला २००७ पासून लागू आहे. पण त्या कंपनीचे भारतात कार्यालय, खाते किंवा माल नसेल तर आदेश वसूल कुठून करायचा? अशा वेळी कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याचा मार्ग आयोगापेक्षा लवकर फळ देतो. त्याची मुदत थोडी असते, म्हणून बँकेला लगेच लेखी कळवावे. विमानप्रवासातल्या सामानाची गोष्ट वेगळी. २००९ पासून भारताला लागू असलेल्या मॉन्ट्रियल करारानुसार गंतव्य स्थानीही दावा करता येतो, आणि मुंबईहून दुबईला जाऊन परत येण्याच्या तिकिटाचे गंतव्य मुंबईच धरले जाते. सामान मोडल्याची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळाल्याची एकवीस दिवसांत करावी लागते.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिथल्या कंपन्यांविरुद्ध तिथलीच लहान दाव्यांची व्यवस्था वापरता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तिची मर्यादा दहा हजार पौंड आहे. युरोपीय संघात तर २००९ पासून एका देशातल्या ग्राहकाने दुसऱ्या देशातल्या कंपनीविरुद्ध ठरावीक नमुन्यात अर्ज भरून दाद मागण्याची पद्धत आहे. २०१७ पासून तिची मर्यादा पाच हजार युरो झाली, आणि तिथला निकाल दुसऱ्या सदस्य देशात वेगळी परवानगी न घेता अमलात येतो. दोन देशांच्या सीमेवरून लहान रक्कम वसूल करून देणारी इतकी सोपी सोय भारताची कोणाशीही नाही. ब्रिटन, सिंगापूर आणि २०२० पासून संयुक्त अरब अमिरात यांच्या ठरावीक न्यायालयांचे हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली भारतात राबवता येतात. अमेरिका त्या यादीत नाही. ग्राहक आयोगाचा आदेश परदेशात तसाच राबवून घेण्याची सोय तर नाहीच.

देशातल्या कंपनीविरुद्धच्या तक्रारीला वादकारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कंपनीला ईमेल पाठवत राहिल्याने, हेल्पलाइनवर तक्रार केल्याने किंवा नोटीस दिल्याने ती थांबत नाही. उशीर झाला तर कारण पटवून माफी मागावी लागते, आणि ती देणे आयोगाच्या मर्जीवर असते. कागद कसे लावायचे हे कळत नसेल तर महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारी कुटुंबे यांना रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. बिल हातात असेल, तर त्यावरची तारीख आजच पाहून घ्यावी.